स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर : ब्राचे माप, कृत्रिम स्तनाचे वजन आणि खर्चाची तजवीज

महिन्याभरापूर्वी याच सदरात स्तनातील गाठीविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांत एक पत्र बिननावाचे होते. पत्ता नाही, फक्त ‘सेलू तालुका’ एवढेच. त्या भगिनी लिहितात, ‘गाठ होती म्हणून डावी बाजू पूर्ण काढली. दोन वर्षे झाली, तब्येत बरी आहे. पोलक्यात रुमालाची घडी ठेवते. ती सरकून वर गळ्याशी येते. लग्नाकार्याला जाणे बंद केले आहे. डॉक्टरांना हे कसे विचारावे? यावर काही औषध असेल तर लिहावे.’

यावर औषध नाही, पण उपाय आहे. तो मी स्वतः वापरते. हिंगणीत मला सगळे ‘सिस्टर’ म्हणूनच ओळखतात. जन्मभर परिचारिकेची नोकरी केली, बायकांची ड्रेसिंगे केली, टाके काढले, ‘आता घरी जा, हात हलवत राहा’ असे सांगून शेकडो जणींना निरोप दिला. पण घरी गेल्यावर त्या बाईने पोलक्याच्या रिकाम्या बाजूचे काय करायचे, हे मी एकीलाही कधी सांगितले नाही. मला कोणी शिकवलेच नव्हते. सहा वर्षांपूर्वी माझीच डावी बाजू काढावी लागली, तेव्हा तो धडा मी पदरचे पैसे घालवून शिकले. हे आजवर छापून सांगितले नव्हते. त्या पत्रामुळे सांगते आहे.

आधी चूक सांगते. शस्त्रक्रियेला तीन आठवडे झाले असतील. मुलगा म्हणाला, ‘आई, नागपूरला एका दुकानात मिळते, चल.’ गेलो. गल्ल्यापलीकडे एक गृहस्थ उभे होते. त्यांनी साडीवरूनच माझ्याकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, ‘अडतीस.’ टेप नाही, पडदा नाही, आरसा नाही. मुलगा शेजारी उभा, त्यामुळे मलाही बोलायची सोय नव्हती. दोन ब्रा आणि एक सिलिकॉनचा कृत्रिम स्तन खोक्यात घालून दिला. काही हजार रुपये मोजले आणि जीव सुटल्यासारखी बाहेर आले. घरी येऊन घातले तर जखमेवर भार आला, व्रण लालभडक झाला. पुढे सूज उतरली तशी ब्रा ढिली पडली आणि तो तुकडा पोटाकडे ओघळू लागला. परत करायला गेले, तर अंगाला लागलेली वस्तू परत घेत नाही म्हणाले. ते खोके अजून माझ्या कपाटात आहे.

त्या दुकानात माझ्या तीन चुका झाल्या. वेळ चुकली, माप चुकले आणि पैसे देण्याआधी काहीच विचारले नाही. आजचा लेख या तीन गोष्टींभोवतीच आहे.

पण त्याआधी, हे हवे तरी कशाला? ‘आता या वयात कोणाला दाखवायचे आहे?’ हे वाक्य मी पन्नाशीच्या बायकांकडून इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचे उत्तर आधी देते. स्तनाला वजन असते. अंग भरलेले असेल तर ते बरेच असते. एका बाजूचे वजन गेले की दुसऱ्या बाजूचे तसेच राहते. काही जणींना याचा काहीच त्रास होत नाही. काही जणींचा मात्र एक खांदा वर चढतो, नकळत त्या बाजूला वाकून चालण्याची सवय लागते, मान आणि पाठ दुखते. त्यात झाकण्यासाठी खांदे पुढे ओढून, पदर घट्ट लपेटून चालण्याची भर पडते. शस्त्रक्रियेनंतर खांदा मोकळा करायचा असतो, आणि लाजेने आपण तोच आखडून घेतो. म्हणून कृत्रिम स्तन ही केवळ दिसण्यापुरती वस्तू नाही. मात्र ती सक्तीचीही नाही. ज्यांना काही न घालता मोकळे राहणे आवडते, त्यांनी खुशाल तसेच राहावे. त्याने रोग वाढत नाही आणि कमीही होत नाही.

आता वेळ. शस्त्रक्रिया झाल्यावर काही दिवस बगलेजवळ नळी असते. ती काढेपर्यंत फक्त पुढून उघडणारे सैल सुती कपडे घालावेत. नळी निघाली, टाके सुकले, की डॉक्टरांच्या परवानगीने हलकी, मऊ, बिनवजनाची गादी ठेवता येते. कापसाची किंवा स्पंजची, मऊ कपड्यात शिवलेली. ती सैल बनियनला आतून टाक्याने अडकवली तरी चालते. वजनदार सिलिकॉनचा तुकडा मात्र साधारण सहा ते आठ आठवड्यांनंतरच, व्रण पूर्ण भरल्यावर आणि सूज उतरल्यावर घ्यावा. किरणोपचार म्हणजे ‘शेक’ चालू असेल तर आणखी थांबावे. शेकाने कातडी भाजल्यासारखी होते. तिच्यावर घट्ट इलॅस्टिक किंवा रबरासारखे काही घासले तर साल निघते. त्या काळात सुती आणि सैल एवढेच पाहावे. किमोथेरपीत कित्येकींचे वजन कमी-जास्त होते, तेव्हा महागडी खरेदी तोवर लांबणीवर टाकली तर बरे.

मापाकडे येऊ. हे सगळ्यात महत्त्वाचे आणि घरच्या घरी होण्यासारखे आहे. शिवणकामाची टेप घ्या. बहीण, जाऊ, मुलगी, जिच्याजवळ संकोच वाटत नाही अशी एक बाई मदतीला घ्या. दार लावून आरशासमोर सरळ उभे राहा.

पहिले माप स्तनाच्या खालच्या रेषेवर, छातीभोवती. टेप पाठीकडे वर चढू देऊ नका. श्वास सोडून माप घ्या. टेप टेकलेली असावी, रुतलेली नव्हे. दुसरे माप भरलेल्या भागाचे, आणि इथेच सगळे चुकतात. एक बाजू सपाट असताना टेप पूर्ण गोल फिरवली तर माप खोटे येते. त्यासाठी छातीच्या मधल्या हाडावर टेपचे टोक धरायचे, शिल्लक स्तनाच्या सर्वांत भरलेल्या जागेवरून ती फिरवून पाठीच्या कण्यापर्यंत न्यायची. जेवढे इंच येतील त्याची दुप्पट करायची. हे माप साधी, नीट बसणारी ब्रा घालून घ्यावे, म्हणजे स्तन आपल्या जागी असतो. पट्ट्याच्या मापापेक्षा हे दुसरे माप एक इंचाने जास्त असेल तर कप ‘ए’, दोन इंच ‘बी’, तीन ‘सी’, चार ‘डी’, असा ढोबळ हिशेब आहे. कंपनीगणिक तक्ते वेगळे असतात, काही जण खालच्या मापात चार-पाच इंच मिळवून नंबर धरतात. म्हणून नंबर हा फक्त सुरुवातीचा अंदाज समजा. शेवटचा निकाल अंगावर घालूनच लागतो.

घालून काय पाहायचे? मधला भाग छातीच्या हाडाला टेकलेला हवा. तो उचललेला राहिला तर कप लहान आहे. खांद्याचा पट्टा रुंद हवा आणि त्याखाली एक बोट सहज जायला हवे. बगलेखालची पट्टी रुंद, शिवणी मऊ, आणि तार अजिबात नको. पट्ट्याचा भार खांद्यावर फार पडत असेल तर ब्रा बदला. विशेषतः बगलेतल्या गाठी काढलेल्या असतील तर अरुंद पट्टा रुतणे त्या हाताला बरे नाही. कपाच्या आतून कापडाचा खिसा असावा. कृत्रिम स्तन त्यात बसतो, म्हणून तो सरकत नाही आणि कातडीला थेट लागतही नाही. आपल्या पत्रलेखिकेचा रुमाल गळ्याशी येतो याची कारणे दोन : खिसा नाही आणि वजन नाही.

एवढे झाले की दुकानातच, पडद्याआड, दोन्ही हात वर करा. पायाला हात लावल्यासारखे वाका. मांडी घालून बसा. पोळ्या लाटतो तसे हात पुढे-मागे करा. काही बाहेर डोकावले, वर चढले किंवा टोचले, तर ती ब्रा तुमची नव्हे. आणि जाताना आपले नेहमीचे, सगळ्यात घट्ट बसणारे पोलके बरोबर न्या. ते घालून समोरून आणि दोन्ही बाजूंनी आरशात पाहा. घरी मऊ कपड्यांत सगळेच बरे दिसते, खरी परीक्षा पोलक्याचीच असते. ज्या दुकानात बाई माप घेत नाही आणि घालून पाहायला जागा देत नाही, तिथे खरेदी करू नका. पैसे तुमचे आहेत.

खिशाची ब्रा वेगळी विकत घ्यायलाच हवी असे नाही. आपली चांगली बसणारी, पूर्ण कपाची सुती ब्रा घ्यायची. मलमलीचा तुकडा कपाच्या आकाराचा कापून आतून तीन बाजूंनी शिवायचा आणि बगलेकडची बाजू उघडी ठेवायची. शिवण बाहेरच्या अंगाला यावी, व्रणाकडे नको. आमच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंनी पहिला खिसा शिवून दिला तेव्हा त्यांनी माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या वेळी मी बळेच दिले. आता त्या इतरांनाही शिवून देतात आणि कोणाचे आहे हे कोणाला सांगत नाहीत.

कृत्रिम स्तनाला दुकानात ‘ब्रेस्ट फॉर्म’ किंवा ‘प्रोस्थेसिस’ म्हणतात. नुसते ‘फॉर्म’ म्हटले आणि समोरच्याने अर्जाचा कागद काढला, असेही माझ्या बाबतीत घडले आहे! सिलिकॉनचा फॉर्म वजनाने आणि स्पर्शाने खऱ्याच्या सर्वांत जवळ जातो. किंमत काही हजारांत असते, आणि नीट वापरला तर दोन-तीन वर्षे टिकतो. स्पंजचा हलका आणि स्वस्त, पण वजन नसल्याने वर सरकतो. सुती धाग्याने विणलेला हलका, हवेशीर, धुता येणारा असतो. स्तन पूर्ण न काढता थोडाच भाग काढला असेल तर खळगा भरणारा पातळ वाटीसारखा तुकडाही मिळतो. दोन्ही बाजू काढलेल्या असतील तर दोन्हींचे माप आणि वजन सारखे ठेवायचे, आणि हलके घेतले तरी चालते. जुन्या पद्धतीच्या शस्त्रक्रियेत छातीचे स्नायूही काढत असत. तशी शस्त्रक्रिया झालेल्या वयस्कर बायकांच्या छातीला वरपर्यंत खळगा असतो. त्यांना बगलेपर्यंत जाणारा, भरीव आकार लागतो.

डावा आणि उजवा वेगळा असतो का? काही आकार दोन्हीकडे चालतात, काही वेगळे असतात. याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ‘बार्बी’ ही बाहुली जिने जगाला दिली, त्या अमेरिकेतील रूथ हँडलर यांचा एक स्तन १९७० मध्ये कर्करोगामुळे काढावा लागला. बाजारात मिळणारे कृत्रिम स्तन पाहून त्या वैतागल्या. बूटसुद्धा डावा-उजवा वेगळा असतो, मग हे का नाही, असा त्यांचा सवाल होता. त्यांनी कारागिरांना हाताशी धरून स्वतःचाच कारखाना काढला आणि डाव्या-उजव्या बाजूचे वेगवेगळे, मापानुसार स्तन बनवले. त्या स्वतः दुकानादुकानांत जाऊन बायकांची मापे घेत. बाहुल्यांतून कोट्यवधी कमावलेल्या बाईलाही माप घेणारे माणूस नीट मिळाले नव्हते, हे वाचले तेव्हा माझ्या ‘अडतीस’चे दुःख थोडे हलके झाले.

आता घरच्या उपायाची हकिकत. मागच्या कापूस वेचणीच्या हंगामात आमच्या गावच्या एक मावशी माझ्याकडे आल्या. मजुरीला जातात. उजवी बाजू काढून वर्ष झालेले. म्हणाल्या, ‘सिस्टर, मले आता कोन पाह्यते? पन पोलकं एका अंगाले जाते, अन् कापूस वेचताना मान धरते. बकरी इकतो मी, पन ते नागपूरचं घेऊन द्या.’ मी म्हटले, बकरी राहू द्या घरी. कापसाच्या मुलखात राहून गादी विकत कशाला आणायची?

शिंपीणबाई आणि मी बसलो. मलमलीचे दोन पदर, थेंबाच्या आकाराचे, मागची बाजू सपाट, पुढची फुगीर. आत पिंजलेला स्वच्छ कापूस. वजनासाठी आधी सरकी घालून पाहिली, ती टोचू लागली. मग मोहरीची छोटी पुरचुंडी घट्ट शिवून कापसाच्या मध्ये, थोडी खालच्या अंगाला ठेवली. किती वजन? शंभर ग्रॅमपासून सुरुवात केली, किराणा दुकानाच्या काट्यावर मोजून थोडी थोडी वाढवत नेली, आरशात दोन्ही बाजू एका रेषेत येईपर्यंत. मागे एक बटन ठेवले, कारण धुताना मोहरी बाहेर काढावी लागते, नाहीतर ती भिजून फुगते, मोड येतात. कापूस धुतल्यावर गोळा होतो, म्हणून दर काही आठवड्यांनी बदलायचा. पावसाळ्यात धान्य ठेवू नका, कीड लागते. काचेचे गुळगुळीत मणी बरे. सगळा खर्च एका वेळच्या भाजीइतका आला. मावशी ते घालून घरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी वेचणीला.

या हकिकतीचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे. माप घेताना मी मावशींचा व्रण पाहिला. बगलेकडच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा कडक खडा हाताला लागला. ‘हे कधीपासून?’ विचारले तर म्हणाल्या, ‘मी त्या जागेकडे पाहतच नाही, बाप्पा.’ वर्षभर त्यांनी तिथे डोळे मिटून पाणी घातले होते. दुसऱ्याच दिवशी आम्ही सेवाग्रामला गेलो. पुढे काय निघाले ते इथे लिहिणार नाही, ती त्यांची खासगी गोष्ट आहे. उपचार चालू आहेत आणि त्या हिंडत्या-फिरत्या आहेत. ज्यांची शस्त्रक्रिया झाली आहे त्या सर्वांना माझे सांगणे की व्रणावर, बगलेत, गळ्याच्या हाडाजवळ आणि दुसऱ्या स्तनात महिन्यातून एकदा बोटांनी तपासा. गाठ, पुरळ, लाली, न भरणारी चीर, हाताला सूज दिसली तर गादीने झाकू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि ठरलेल्या तपासण्या, दुसऱ्या बाजूची मॅमोग्राफी, डॉक्टर सांगतील तशा चुकवू नका.

सिलिकॉनच्या फॉर्मची निगा साधी आहे. रोज रात्री काढून कोमट पाण्याने, साध्या साबणाने धुवा, टिपून कोरडा करा, त्याच्याच खोक्यात ठेवा, म्हणजे आकार बिघडत नाही. गच्चीवर उन्हात वाळवू नका. सर्वांत मोठा शत्रू सेफ्टी पिन. पदराला पिन लावताना ती आत गेली की काही हजार रुपये गेले. शेतात जाताना बोरीबाभळीचे काटे असतात, तेव्हा कापसाचीच गादी बरी. आपल्याकडचा मे महिना वेगळा सांगायला नको. सिलिकॉनखाली घाम साचतो, घामोळे येते. मी उन्हाळ्यात घरात कापसाचा आणि बाहेर पडताना सिलिकॉनचा वापरते, त्याला सुती खोळ घालते. ब्राचे इलॅस्टिक वर्षाच्या आत सैल होते. कित्येकदा फॉर्म चांगला असतो, ब्रा म्हातारी झालेली असते.

आता पैसा. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत आणि २०१३ मध्ये सर्वत्र सुरू झाली. २०१७ पासून तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली, आणि दोन्ही मिळून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या संरक्षणाचा निर्णय राज्य शासनाने २०२३ मध्ये घेतला. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, किमोथेरपी, किरणोपचार यांसाठी यात ठरलेली पॅकेजेस आहेत. शिधापत्रिका आणि आधार कार्ड बरोबर ठेवायचे आणि योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या ‘आरोग्यमित्रा’ला भेटायचे. नंतर घालायची ब्रा आणि कृत्रिम स्तन मात्र या पॅकेजात आपोआप मिळतील असे धरून चालू नका. आरोग्यमित्राला आणि रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाला स्पष्ट शब्दांत विचारा : ‘बाहेरून घालायचा कृत्रिम स्तन इथून किंवा एखाद्या संस्थेकडून मिळेल का?’ शस्त्रक्रियेच्या आधीच विचारा, कारण सुटी झाल्यावर ती माणसे पुन्हा भेटत नाहीत.

विकत घ्यायचाच झाला तर सर्जनकडून चिठ्ठी घ्या. तीत शस्त्रक्रियेचे नाव, तारीख, कोणती बाजू आणि ‘एक्स्टर्नल ब्रेस्ट प्रोस्थेसिस व मास्टेक्टॉमी ब्रा आवश्यक’ असे लिहून मागा. पक्के बिल घ्या. घरात कोणी नोकरदार असेल, कार्यालयातून वैद्यकीय बिल मिळत असेल किंवा खासगी विमा असेल, तर पैसे देण्याआधी त्यांना विचारा, शक्यतो लेखी. चिठ्ठीशिवाय दिलेले बिल कोणी बघतही नाही. माझ्या पहिल्या खरेदीचे तेच झाले.

मोफत मिळण्याच्याही वाटा आहेत. ‘निटेड नॉकर्स इंडिया’ या उपक्रमातल्या स्वयंसेविका सुती धाग्याचे कृत्रिम स्तन हाताने विणून गरजू स्त्रियांना विनामूल्य देतात. मागताना कपचे माप आणि एक बाजू की दोन्ही, हे सांगावे लागते. वर दिलेली टेपची रीत तिथे कामाला येते. मुंबईची ‘कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन’ १९६९ पासून कर्करोगाच्या रुग्णांना मदत करते. टाटा रुग्णालयात उपचार चालू असतील तर तिथल्या समाजसेवा विभागात तिची चौकशी करावी. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कर्करुग्णालय आहे, तिथेही हा प्रश्न विचारायला लाजू नये.

उपचाराभोवतीच्या खर्चात वाचलेला रुपयाही ब्रासाठी कामाला येतो. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी किंवा तपासणीसाठी रेल्वेने जाताना स्लीपर आणि थ्री-टायर वातानुकूलित डब्यात पूर्ण भाडेमाफी आहे, सोबत्यालाही तीन-चतुर्थांश सवलत आहे. रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला तेवढा लागतो. एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहेच. ज्यांचे उत्पन्न अगदी कमी आहे, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव किंवा वर्षाला एकवीस हजारांच्या आत, आणि वय ६५ च्या आत, त्यांनी संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करावा. दुर्धर आजारांत कर्करोगाचा समावेश आहे. अनुदान दरमहा १५०० रुपये आहे. आमच्या मावशींचा अर्ज सेलूला दिला, त्यात वैद्यकीय दाखल्यावरची तारीख जुनी म्हणून एक फेरी वाया गेली. दाखला ताजा न्या.

परदेशात काय आहे? अमेरिकेत १९९८ मध्ये कायदाच झाला : स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च जो विमा देतो, त्याने कृत्रिम स्तनाचाही द्यायचा. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत तो शस्त्रक्रियेनंतर मोफत मिळतो, माप घ्यायला शिकलेली परिचारिका असते. आपल्याकडे कृत्रिम पाय, चष्मा, कानाचे यंत्र मिळावे म्हणून शिबिरे भरतात, फोटो छापून येतात. या वस्तूचे नाव घ्यायलाच संकोच, मग मागणी कोण करणार? याच जिल्ह्यात सेवाग्रामच्या डॉ. उल्हास जाजूंनी गावकऱ्यांकडून ज्वारीच्या रूपात वर्गणी घेऊन दवाखान्याचा विमा चालवून दाखवला. तेव्हा बचत गटांनी वर्षाकाठी चार-सहा ब्रांचा आणि थोड्या मलमलीचा खर्च उचलणे अशक्य आहे असे मला वाटत नाही. आमच्या गटात मी हा विषय काढला तेव्हा दोन मिनिटे कोणी बोलले नाही. मग एका सुनेने विचारले, ‘काकू, माझ्या आईसाठी एक शिवून द्याल?’ तिची आई दुसऱ्या गावी असते. तिची शस्त्रक्रिया झाल्याचे आम्हाला कोणालाच माहीत नव्हते.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींसाठी : आपण डाव्या बाजूचे लिहिले आहे. वर सांगितल्याप्रमाणे दोन मापे घ्या, पट्ट्याचे आणि मधल्या हाडापासून कण्यापर्यंतचे. नाव नको. फक्त मापे आणि नेहमीच्या ब्राचा नंबर या वर्तमानपत्राच्या कार्यालयात ‘आरोग्य सदर’ असे पाकिटावर लिहून पाठवा. कोणत्या दुकानातून किंवा कोणाच्या हाती गादी घ्यायला सोयीचे जाईल तेही कळवा, तिथे पोचवण्याची व्यवस्था करते. रुमाल तोपर्यंत ब्राला आतून दोन टाक्यांनी अडकवा, सरकणार नाही. आणि डॉक्टरांना कसे विचारावे म्हणाल, तर या लेखाचे कात्रण त्यांच्या टेबलावर ठेवा.

पुढील आठवड्यात : शस्त्रक्रियेनंतर हाताला येणारी सूज आणि भिंतीवर बोटे चढवण्याचा व्यायाम.